वहिनीची उचकी आणि मेंदूतल्या तारकापेशी

वहिनीला उचकी लागली तेव्हा पहिल्या दिवशी कोणी मनावर घेतलं नाही. "माहेरचं कोणीतरी आठवण काढतंय," आई म्हणाली. साखर खाऊन झाली, श्वास रोखून झाला, माहेरच्या एकेकाचं नाव घेऊन झालं. उचकी थांबेना. तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. आधी पित्ताच्या गोळ्या, मग दुर्बिणीने पोटाची तपासणी. पोटात काहीच सापडलं नाही. अकराव्या दिवशी उचकी आपोआप थांबली आणि कामाच्या रगाड्यात आम्ही ती विसरूनही गेलो.

दोन महिन्यांनी तिचा उजवा डोळा हलवला की दुखायला लागला. आठवड्याभरात त्या डोळ्याला समोरचं धुरकट दिसू लागलं. भाजी निवडताना ती एकदा डावा डोळा झाकून म्हणाली, "ताई, हे टोमॅटो असे मातकट का दिसतात?" डावा डोळा उघडला की टोमॅटो लाल, झाकला की मातकट.

एका ठिकाणी एमआरआय बघून मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे चेतापेशींच्या आवरणांवर हल्ला होण्याचा आजार, असल्याचं सांगण्यात आलं. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी मात्र आधी एक प्रश्न विचारला: "मागच्या काही महिन्यांत बरेच दिवस उचकी किंवा उलट्या झाल्या होत्या का?" आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. त्यांनी रक्ताची एक तपासणी लिहून दिली. रिपोर्टवर होतं: ॲक्वापोरिन-४ प्रतिपिंड, पॉझिटिव्ह. आजाराचं नाव न्यूरोमायलायटिस ऑप्टिका. आपल्या शरीराची संरक्षणयंत्रणा चुकून मेंदूतल्या तारकापेशींवर, म्हणजे ॲस्ट्रोसाइटवर, हल्ला करते तो आजार.

मी कोपरखैरण्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. आमच्या पाठ्यपुस्तकात ह्या पेशींना जेमतेम दोन ओळी आहेत: चेतापेशींना आधार देतात, पोषण पुरवतात. त्या रात्री मी घरी तेवढंच सांगू शकले. आबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मेंदूतले हमाल?"

"तसंच काहीसं," मी म्हणाले.

"मग डोळाच का गेला? हमाल तर सगळीकडे असतील. आणि उचकीचा काय संबंध?"

मला उत्तर देता आलं नाही. गेली दोन वर्षं मी ते शोधत वाचते आहे आणि आता मला कळतं की आबांचा प्रश्न अगदी वर्मावर होता. त्याचं उत्तर पाठ्यपुस्तकातल्या त्या दोन ओळींच्या बाहेर आहे. तारकापेशी हे एका पेशीचं नाव नाही, ते अख्ख्या जमातीचं नाव आहे.

आबांनाच हे सगळ्यात लवकर पटलं, त्याला कारण आहे. ते आधी मशीद बंदरच्या दाणाबंदरात आणि बाजार इकडे हलल्यावर तुर्भ्याच्या धान्य मार्केटात तोलणार होते. लोक त्यांना हमाल म्हणत, सरकारी कागदांवर माथाडी लिहीत. पण मार्केटात पाठीवर पोतं वाहणारा वेगळा, काट्यावर उभा राहणारा तोलणार वेगळा, मापाडी वेगळा, दाभण-सुतळी घेऊन पोत्याचं तोंड शिवणारा वेगळा, सांडलेलं धान्य गोळा करून पाखडणाऱ्या बायका वेगळ्या. लांबून बघणाऱ्याला सगळेच धुळीने माखलेले, डोक्याला फडकं बांधलेले दिसायचे.

विज्ञानानेही तारकापेशी बराच काळ अशा लांबूनच पाहिल्या. 1850 च्या दशकात जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिरखो यांनी चेतापेशींच्या मधल्या भरावाला ‘न्यूरोग्लिया’ म्हटलं, म्हणजे चेतापेशींना जोडणारा डिंक. फिरखो यांना ते जोडकाम करणारं द्रव्य वाटलं, त्यामुळे नावातच कामाचा अपमान झाला. पुढे कामिल्लो गॉल्जी यांनी 1873 मध्ये चांदीच्या क्षारांनी पेशी रंगवायची पद्धत काढली आणि त्या डिंकात फांद्या असलेल्या पेशी दिसू लागल्या. हंगेरीचे मिहाय लेनहोसेक यांनी त्यातल्या चांदणीसारख्या पेशींना ॲस्ट्रोसाइट हे नाव दिलं. चांदीने रंगवलेल्या, चांदण्यांसारख्या पेशी. मला ते नाव फार आवडतं.

जाता जाता एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो अजून सगळीकडे फिरतो. मेंदूत चेतापेशींच्या दहापट ग्लिया, म्हणजे तारकापेशींसारख्या ह्या भरावातल्या पेशी, असतात असं आम्हालाही शिकवलं गेलं. ब्राझीलमधल्या शास्त्रज्ञांनी 2009 मध्ये मोजणी प्रसिद्ध केली, त्यात माणसाच्या मेंदूत सुमारे 86 अब्ज चेतापेशी आणि जवळपास तितक्याच इतर पेशी निघाल्या. म्हणजे साधारण बरोबरी आहे.

आता एका तारकापेशीजवळ जाऊन बघू. चित्रात ती चांदणी दिसते, पण खरी पेशी झुडपासारखी किंवा पाण्यात टाकलेल्या स्पंजासारखी असते. चित्रात दिसतो तो फक्त तिचा सांगाडा, जीएफएपी नावाच्या प्रथिनाचा. तो पेशीच्या आकारमानाचा जेमतेम 15 टक्के भाग व्यापतो. उरलेल्या असंख्य बारीक फांद्या दोन चेतापेशींच्या मधल्या सांध्यांना, म्हणजे सिनॅप्सना, बिलगलेल्या असतात. पेशीचे दुसरे पाय रक्तवाहिनीभोवती घट्ट टेकलेले असतात. एक हात सांध्यावर, एक पाय रक्तवाहिनीवर. करड्या भागातल्या शेजारच्या दोन तारकापेशी एकमेकींच्या हद्दीत फारशा शिरत नाहीत, जिचा तिचा गाळा ठरलेला. उंदराच्या एका तारकापेशीच्या हद्दीत 20 हजारांपासून सव्वा लाखाच्या आसपास सांधे येतात. माणसाच्या एका पेशीच्या हद्दीत 2,70,000 ते 20 लाख सांधे येत असावेत असा अंदाज आहे.

एका सांध्यावर काय घडतं? समजा तुम्ही आत्ता हे वाक्य वाचताय. पहिली चेतापेशी ग्लुटामेट नावाचं रसायन सोडते, दुसरी ते झेलते, निरोप पोचतो. पण ते ग्लुटामेट तिथेच साचून राहिलं तर दुसरी पेशी सतत चेतत राहील आणि शेवटी मरेल. तारकापेशी हजारांश सेकंदांत ते शोषून घ्यायला लागते, आत त्याचं निरुपद्रवी ग्लुटामिन करते आणि पहिल्या पेशीला पुन्हा वापरायला परत देते. चेतापेशीने संदेश पाठवला की तिच्यातून पोटॅशियम बाहेर पडतं, तेही ती ओढून घेते. दुसरीकडे रक्तवाहिनीतून साखर उचलते. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे 2 टक्के आणि ऊर्जेचा खप सुमारे 20 टक्के, त्यामुळे हा पुरवठा काही किरकोळ काम नाही. सांडलेलं उचलणं, मोजून परत करणं, माल आणून देणं. आबा म्हणाले, "हे तर आख्खं मार्केट झालं."

इतकी मूळ कामं बहुतेक तारकापेशी करतात. पण जागा बदलली की पेशीही बदलते, आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते.

सगळ्यात जुना भेद 1893 मध्ये विल्यम लॉइड अँड्रीझेन यांनी मांडला. मेंदूच्या करड्या भागात झुपकेदार, बारीक फांद्यांच्या तारकापेशी, तर पांढऱ्या भागात लांब, सरळ, दोऱ्यांसारख्या फांद्यांच्या. करड्या भागात सांध्यांची गर्दी असते, पांढऱ्या भागात चेतापेशींच्या लांब तारा. काम तसं अंग. ही विभागणी शंभर वर्षं पुस्तकांत राहिली आणि लोकांना वाटलं, दोनच जाती.

डोळ्याच्या पडद्यात त्यांच्या भावकीतल्या म्युलर पेशी आहेत. त्या पडद्याच्या आरपार उभ्या असतात. आपल्या डोळ्यात प्रकाश ओळखणाऱ्या पेशी पडद्याच्या मागच्या थरात आहेत आणि पुढे इतर पेशींची गर्दी. त्या गर्दीतून प्रकाश न विखुरता मागे कसा पोचतो? 2007 मध्ये जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की म्युलर पेशी इंटरनेटच्या काचेच्या तारेसारखा प्रकाश वाहून नेतात. ज्यांना नुसता आधार देणाऱ्या म्हणून शिकवलं, त्या उजेड वाहत होत्या.

मानेच्या वर, मेंदूच्या देठात, श्वासाचं नियंत्रण करणाऱ्या भागाजवळच्या तारकापेशी आणखी वेगळ्या. तुम्ही श्वास रोखला की रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि रक्त किंचित आम्लधर्मी होतं. लंडनच्या अलेक्झांडर गुरीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये उंदरांमध्ये दाखवलं की देठातल्या तारकापेशींना हा अगदी लहानसा बदल जाणवतो. त्या एटीपी नावाचं रसायन सोडतात आणि श्वासाची गती वाढवणाऱ्या चेतापेशींना जागं करतात. मेंदूच्या वरच्या थरातल्या तारकापेशींना तोच बदल दिला तर त्या अशी दाद देत नाहीत. वहिनीची उचकी थांबावी म्हणून आम्ही तिला श्वास रोखायला लावत होतो, तेव्हा तिच्या मेंदूच्या देठातल्या तारकापेशी हेच काम करत असणार. हे वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

झोपेचंही तसंच आहे. मेंदूच्या तळाशी शरीराचं घड्याळ चालवणारा डाळीच्या दाण्याहून लहान भाग आहे. तिथल्या चेतापेशी दिवसा जास्त सक्रिय आणि तारकापेशी रात्री, अशी पाळी लागलेली असते. केंब्रिजच्या संशोधकांनी 2019 मध्ये घड्याळ बिघडवलेल्या उंदरांमध्ये फक्त तारकापेशींचं घड्याळ दुरुस्त केलं, तर उंदरांची धावपळ आणि विश्रांती पुन्हा तालावर आली. घड्याळ म्हटलं की चेतापेशी, असं शिकवणाऱ्या माझ्यासारखीला हा धक्काच होता.

पण एकाच जमातीत इतका फरक येतो कुठून? आबांनी पुन्हा आपल्या मार्केटचं उदाहरण दिलं. त्यांच्या वेळी टोळ्या गावांनुसार बनायच्या. पाटणकडची एक, जावळीची दुसरी. कुठल्या गावचा यावर कुठल्या टोळीत जाणार हे बरंचसं ठरायचं. आणि कांदा-बटाट्यात पडला की अंगाला वेगळं वळण, मसाल्यात पडला की वेगळं. गाव आणि गाळा, दोन्ही.

तारकापेशींचंही दोन्हीवर ठरतं. गावाचा पुरावा 2012 मध्ये मिळाला. उंदराच्या मज्जारज्जूत आणि मेंदूत, गर्भात जन्मलेल्या तारकापेशी आपल्या जन्मस्थळाच्या पट्ट्यातच आत-बाहेर पसरतात, बाजूच्या पट्ट्यात जात नाहीत. आणि एका पट्ट्यातल्या पेशी मुद्दाम काढून टाकल्या तरी शेजारच्या पट्ट्यातल्या पेशी त्यांची जागा भरायला आल्या नाहीत.

गाळ्याचा पुरावा मला त्याहून विलक्षण वाटतो. लहान मेंदूत दोन प्रकारच्या तारकापेशी शेजारी-शेजारी राहतात. बर्गमन पेशींच्या फांद्या कंगव्यासारख्या उभ्या असतात आणि त्या पर्किंजे नावाच्या मोठ्या चेतापेशींना वेढतात. खालच्या थरातल्या मात्र पदरासारख्या पसरट. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की पर्किंजे पेशी ‘सॉनिक हेजहॉग’ नावाचा एक रासायनिक निरोप सतत पाठवत असतात. तो निरोप ऐकणं बंद केलं तर पूर्ण वाढ झालेल्या बर्गमन पेशींचे गुण खालच्या पसरट पेशींसारखे होऊ लागतात. उलट, खालच्या पेशींना तो निरोप जोरात ऐकवला तर त्या बर्गमनसारख्या होऊ लागतात. म्हणजे चेतापेशी आपल्या सोबतिणीला घडवते, आणि एकदा घडवून सोडून देत नाही, तर रोज घडवत राहते. आधी आम्ही शिकवायचो की तारकापेशी चेतापेशीला सांभाळतात. सांभाळणं दोन्ही बाजूंनी आहे.

अलीकडे एकेका पेशीत कोणती जनुकं चालू आहेत हे वाचता येऊ लागलंय, त्यामुळे मेंदूच्या एकाच भागात, अगदी एकाच थरात, तारकापेशींचे उपप्रकार दिसतात. त्यांची नावं आणि संख्या प्रत्येक अभ्यासात थोडी वेगळी येते, म्हणून मी ती पाठ करायच्या भानगडीत पडले नाही. एक शोध मात्र सांगायलाच हवा. तारकापेशी ग्लुटामेट शोषतात हे ठरलेलं. पण त्या ते चेतापेशींसारखं सोडूही शकतात का, यावर वीस-तीस वर्षं शास्त्रज्ञांत कडाक्याचं भांडण होतं. कोणाच्या प्रयोगात दिसायचं, कोणाच्या नाही. 2023 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या आंद्रेया व्होल्टेरा यांच्या गटाने दाखवलं की स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पसमध्ये तारकापेशींचा एक छोटा गट खरोखर ग्लुटामेट सोडतो, बाकीच्या सोडत नाहीत. सगळ्या एकच आहेत असं धरून चालल्यामुळे इतकी वर्षं दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असूनही भांडत होत्या.

माणसाच्या तारकापेशी तर उंदरांच्या मानाने अवाढव्य आहेत, व्यासाने सुमारे अडीचपट. 2013 मध्ये अमेरिकेत काही शास्त्रज्ञांनी माणसाच्या ग्लिया बनवणाऱ्या मूळ पेशी उंदराच्या पिल्लांच्या मेंदूत सोडल्या. ती पिल्लं मोठी झाल्यावर शिकण्याच्या चाचण्यांत इतर उंदरांपेक्षा सरस ठरली. आबांना हा प्रयोग मुळीच आवडला नाही. "उंदराच्या डोक्यात माणसाचा हमाल कशाला घालायचा?" असं ते रागाने म्हणाले, आणि त्यांच्या रागात मला तथ्य वाटतं.

आजारात ह्या पेशी कशा वागतात याबद्दलही हीच चूक झाली. मेंदूला मार बसला, झटका आला, जंतुसंसर्ग झाला की तारकापेशी फुगतात, रूप बदलतात. 2017 मध्ये त्यांची मारक आणि तारक अशी सरळ दोन गटांत विभागणी मांडली गेली. ती इतकी सोपी होती की लगेच सगळीकडे पसरली. 2021 मध्ये अनेक देशांतल्या शास्त्रज्ञांनी मिळून लिहिलं की असे दोन कप्पे पुरेसे नाहीत. मेंदूच्या कुठल्या भागात, कुठल्या आजारात, कुठल्या टप्प्यावर, हे बघितल्याशिवाय पेशी चांगली की वाईट असं म्हणता येत नाही.

आता वहिनीकडे. तारकापेशींचे जे पाय रक्तवाहिनीभोवती टेकलेले असतात, त्यांच्यावर पाणी आत-बाहेर जाण्यासाठी बारीक नळ असतात. तेच ॲक्वापोरिन-४. वहिनीच्या शरीरात ह्या नळांविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली. ती नळाला चिकटली की रक्तातली संरक्षक प्रथिनं धावून येतात आणि तारकापेशी फोडतात. तारकापेशी गेली की तिच्या भरवशावर असलेली चेतापेशींची आवरणं आणि शेवटी चेतापेशी ढासळतात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मूळ हल्ला आवरणावर असतो. बाहेरून दोन्ही आजार इतके सारखे दिसतात की न्यूरोमायलायटिस ऑप्टिकाला बराच काळ त्याचाच प्रकार समजत. प्रतिपिंडाचा शोध 2004 मध्ये लागला, त्यानंतर दोन्ही वेगळे झाले. हे वेगळेपण कागदापुरतं नाही, मल्टिपल स्क्लेरोसिसवरची काही औषधं ह्या आजारात उलट घात करतात.

आणि आबांचा प्रश्न? नळ सगळीकडे आहेत, पण सारख्या संख्येने नाहीत. डोळ्याच्या नसेतल्या आणि मज्जारज्जूतल्या तारकापेशींवर ते जास्त दाट आहेत. मेंदूच्या देठात मागच्या बाजूला एक छोटा भाग आहे, रक्तात विष आलंय का हे चाखून उलटीचा इशारा देणारा. चाखायचं तर रक्ताशी थेट संबंध हवा, म्हणून तिथे रक्त आणि मेंदू यांच्यातली भिंत मुळातच सैल आहे, आणि नळही भरपूर. प्रतिपिंडांना तिथे वाट सोपी मिळते. तो भाग चिडला की दिवसेंदिवस न थांबणारी उचकी आणि उलट्या. डोळा, पाठ आणि उचकी: तिन्ही ठिकाणच्या तारकापेशींच्या अंगावर काय आहे आणि त्या कुठे बसल्या आहेत, याचा हा नकाशा आहे.

हा आजार बायकांमध्ये पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त दिसतो. आणि घराघरांत बाईची उचकी, मळमळ, ओकारी पित्तावर किंवा दिवसांवर ढकलली जाते. दोन दिवसांहून जास्त न थांबणारी उचकी, कारण न सापडणाऱ्या उलट्या, डोळा हलवताना दुखणं आणि रंग फिके दिसणं, पाय बधिर होणं, यातलं काही झालं तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा आणि आधीची उचकीही आठवणीने सांगा. आम्ही सांगितली नव्हती, कोणी विचारेपर्यंत.

वहिनीला स्टिरॉइडच्या सलाईन लागल्या, मग रक्तातला प्लाझ्मा बदलला. आता दर सहा महिन्यांनी एक सलाईन असते, प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींना आवरणारी. उजव्या डोळ्याने अक्षरं पुन्हा वाचता येतात, लाल रंग मात्र पुरता परत आलेला नाही. सकाळी भाजी निवडताना ती अजून डावा डोळा झाकून टोमॅटो बघते, कालच्यापेक्षा थोडा तरी लाल दिसतो का ते.

परवा जेवताना तिला उचकी लागली. घास हातात घेऊन सगळे थांबलो. आठवण कोण काढतंय असं कोणी म्हणालं नाही. आबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला. चार घोटांत ती थांबली. आबा जेवण संपेपर्यंत घड्याळाकडे बघत होते.